गुळगुळीत नाण्याची बाजू

मागच्या वर्षी मी आजीवर एक कविता लिहिली आणि एका अंकाकडे पाठवली. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं नम्र उत्तर आलं. कविता प्रामाणिक आहे, पण यातले शब्द म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेली नाणी आहेत, असा त्याचा आशय होता. मेल वाचला तेव्हा मी ऑफिसात होतो, एक कंटाळवाणा कॉल म्यूटवर चालू होता आणि माझ्या डाव्या हातात खरोखरच एक गुळगुळीत नाणं होतं.

हा योगायोग मला हसण्यावारी नेता आला नाही. नाकारलेल्या कवितेचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. उपमेचं मात्र ओसरेना. कारण ती उपमा देणाऱ्यानं गुळगुळीत नाणं शेवटचं कधी हातात धरलं असेल, असा प्रश्न मला पडला. मी रोज धरतो. तेव्हा या लेखात कवितेची बाजू मांडायची नाही (ती वाईटच होती, त्याकडे शेवटी येऊ). बाजू मांडायची आहे ती नाण्याची.

आधी आरोपी हजर करतो. चांदीचा रुपया, राणीछाप. मागच्या बाजूला फुलापानांची नक्षी आणि मधोमध इंग्रजीत 'वन रुपी इंडिया'. सालातले पहिले तीन आकडे लागतात, 188. चौथा गेला. पुढच्या बाजूला कडेनं 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' हे शब्द तिरप्या उजेडात वाचता येतात. ती अक्षरं असल्यामुळे नाणं 1877 नंतरचं आहे हे सालाशिवायही कळलं असतं, कारण त्याआधीच्या रुपयावर ती फक्त 'क्वीन' आहे. राणी स्वतः जवळजवळ नाही. मुकुट, कानावरचे केस, गाल, झग्यावरची कशिदाकारी, जे जे वर उचललेलं होतं ते सगळं सपाट झालंय. उरली आहे ती बाह्यरेषा, खिडकीच्या काचेमागे कुणी बसलंय असं वाटावं तेवढी.

झिजण्याचा हा क्रम ठरलेला असतो. जे सगळ्यात उंच, ते आधी जातं. कडेजवळचं त्यामानानं टिकतं, कारण उचललेली कड मार झेलते. ब्रिटनमध्ये 1797 साली मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीत वाफेच्या यंत्रांवर तांब्याच्या पेनी पाडल्या, त्यात हे तत्त्व उघड दिसतं. एक औंसाची ती जाडजूड पेनी. तिला रुंद, उंच कड दिली आणि अक्षरं त्या कडेत खोदून बसवली, म्हणजे घासली जाईल ती कड, अक्षर खोलात सुरक्षित. लोकांनी तिला 'कार्टव्हील', गाडीचं चाक, म्हटलं. मला ती पेनी इंजिनिअर म्हणून फार आवडते. झीज होणारच हे गृहीत धरून केलेलं डिझाइन आहे ते. पुढे याच रुंद पेनींचा पृष्ठभाग मुद्दाम घासून सपाट करून, त्यावर नाव आणि निरोप कोरून, ऑस्ट्रेलियाला हद्दपार होणारे कैदी त्या आपल्या माणसांकडे ठेवून जात. म्हणजे गुळगुळीत झालेली जागा कुणाला तरी कोऱ्या कागदासारखी वाटली होती.

आता उपमेकडे. मराठी समीक्षेत 'गुळगुळीत झालेल्या प्रतिमा' हा शब्दप्रयोग इतक्यांदा येतो की त्याच्यावरच तो आरोप करता येईल. पण या विचाराचं सगळ्यात प्रसिद्ध रूप नीत्शेचं आहे. 1873 साली लिहिलेल्या आणि त्यानं स्वतः कधी न छापलेल्या सत्य-असत्यावरच्या निबंधात तो म्हणतो की आपण ज्यांना सत्यं म्हणतो ती मुळात रूपकंच, फक्त वापरून झिजलेली. चित्र पुसलं गेलेली नाणी जशी नाणी राहत नाहीत, नुसता धातू म्हणून मोजली जातात, तसं त्यांचं झालेलं आहे.

वाक्य जबरदस्त आहे. पण माझ्या धंद्यात कुणी बग रिपोर्ट केला की आधी तो आपल्याकडे घडवून बघतात. तर बघू या. चित्र गेलं की नाणं धातू होतं का?

एक पुरावा नीत्शेच्या बाजूनं आपल्याच घरात आहे. 'रुपया' हा शब्द संस्कृत 'रूप्य'वरून आला, आणि पाणिनीनं 'रूप' शब्दापासून 'रूप्य' साधताना जे अर्थ दिले त्यातला एक म्हणजे ज्यावर ठोकून रूप उमटवलंय ते. 'आहत नाणी' हा शब्द आपण प्राचीन ठसे मारलेल्या नाण्यांसाठी वापरतो, तोच हा विचार. म्हणजे रुपया नावातच रूप आहे. रूप गेलं तर रुपया कसला? मुद्दा वजनदार आहे, मान्य.

पण बाजार व्याकरणावर चालत नाही. राणीच्या रुपयाचं ठरलेलं वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. 1906 च्या नाणे-कायद्यात 2 टक्क्यांपर्यंतची झीज माफ होती, म्हणजे साधारण 11.43 ग्रॅमपर्यंत रुपया कायद्यानं रुपयाच. चित्र कितपत दिसतं यापेक्षा वजन किती उरलं, हा कायद्याचा प्रश्न होता. आमच्या गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर माझं नाणं 11.21 भरलं. जवळजवळ 4 टक्के गेले. कायद्याच्या दृष्टीनं ते केव्हाच बाद होतं.

याच हिशेबाचा एक सुंदर अभ्यास ब्रिटनमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सनं 1868 साली मांडला. अर्थशास्त्रज्ञ म्हणून नाव होण्याआधी तो सिडनीच्या टाकसाळीत धातूची कस लावायचं काम करत असे, त्यामुळे नाण्याकडे बघायची नजर होती. चलनातल्या सोन्याच्या सॉव्हरिनची झीज मोजून त्यानं काढलं की ते साधारण 18 वर्षांत कायदेशीर वजनाखाली जातं. मला यातली मजेची गोष्ट ही वाटते की एकोणिसाव्या वर्षी नाणं धातू होत नव्हतं. कुणी काट्यावर टाकेपर्यंत ते हातोहात चालतच राही. किराणावाला प्रत्येक नाणं तोलत बसत नाही.

उलट, कोऱ्या नाण्याचं काय होतं? ते कुणीतरी दाबून ठेवतो. हलकं नाणं आणि भरीव नाणं एकाच किमतीला चालत असेल तर शहाणा माणूस हलकं खर्च करतो आणि भरीव घरी ठेवतो. ग्रेशमचा नियम म्हणून तुम्ही हे शाळेत घोकलं असेल. त्याचा परिणाम असा की बाजाराचं रोजचं काम झिजलेली नाणी करतात. गुळगुळीत नाणं म्हणजे हजारो वेळा पुढे केलेलं आणि हजारो वेळा घेतलं गेलेलं नाणं. ज्याला कुणीतरी नाही म्हटलं असतं ते इतकं झिजलंच नसतं.

आपल्या भाषेला हे कधीकाळी ठाऊक होतं. खऱ्या-खोट्याची परीक्षा करायला नाण्याला भोक पाडून बघत, त्याला सुलाख म्हणत. 'तावून सुलाखून निघणं' हे आपण आजही माणसाबद्दल म्हणतो, आणि ते कौतुकानं म्हणतो. ओरखडा, भोक, डाग ही त्या वाक्प्रचारात पात्रतेची खूण आहे. 'बंदा रुपया' हेही कौतुकच, पण तो अजून मोडला न गेलेला रुपया. एकाच भाषेत दोन्ही नाण्यांना जागा होती. समीक्षेनं मात्र एकच नाणं उचललं आणि तेही शिवी म्हणून.

इथं एक फरक करायला हवा, नाहीतर मी भावनेत वाहतोय असं होईल. नाणं हलकं व्हायच्या वाटा वेगवेगळ्या असतात. एक म्हणजे कातरणं. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून लोकांनी इतकी चांदी चोरली होती की 1696 साली सगळं जुनं चलन वितळवून नवं पाडावं लागलं. त्याच वर्षी न्यूटन टाकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झाला. नाण्याच्या कडेला दाते किंवा अक्षरं असतात ती या चोरीवरच्या पहाऱ्यासाठी. दुसरी वाट मुद्दाम घासणं. आनातोल फ्रान्सच्या एका संवादात तत्त्वज्ञांना धारवाल्यांची उपमा दिली आहे, जे सुरी सोडून नाणीच दगडावर धरतात, त्यावरचं सगळं पुसतात आणि मग म्हणतात, बघा, आता हे कुठल्याच देशाचं, काळाचं राहिलं नाही, आता याची किंमत अमाप. डेरिडानं 1971 सालच्या रूपकावरच्या निबंधाची सुरुवात याच संवादापासून केली. तिसरी वाट वापर. कातरण्यात एकाचा फायदा असतो, घासण्यात एकाचा हेतू. वापरातली झीज कुणाच्याच मनात नसते, ती देण्याघेण्यात होऊन जाते. समीक्षक 'गुळगुळीत' म्हणतो तेव्हा यातली कुठली वाट त्याला म्हणायची असते, हे तो सांगत नाही.

आता माझ्या बाजूची एक लंगडी गोष्ट कबूल करतो.

हे नाणं आजीच्या आईनं तिला लग्नात दिलं. आजीनं ते साठ वर्षं बटव्यात ठेवलं, सुपारी, लवंगा आणि एका मोडक्या अडकित्त्याबरोबर. ती गेली तेव्हा बाबांनी ते माझ्या हातावर ठेवलं. पहिले काही महिने मी मित्रांना सांगत असे की हे माझ्या आजीच्या बोटांनी झिजलंय. ऐकायला छान वाटतं. कवितेतही तेच होतं.

मग साधा हिशेब केला. नाणं 1880 च्या दशकातलं. राणीछाप रुपये 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला चलनातून मागे घेतले गेले. आजीच्या हाती ते आलं 1950 च्या दशकात, तेव्हा ते चलन नव्हतंच, ठेवण्याची वस्तू होती. म्हणजे या रुपयानं आजीला भेटण्याआधी पन्नासहून जास्त वर्षं बाजार केला असणार. राणीचा चेहरा बहुतेक माझ्या पणजीच्या हाती येण्याआधीच गेला होता. तो सारा भरताना, हुंड्यात मोजताना, सावकाराच्या चटईवर खणकवून बघताना, कापूस विकून घरी येताना कमरेच्या कशात गेला असेल. कुणाच्या बोटांनी, ते कळायची सोय नाही.

कामावर मी पेमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या सिस्टिमवर काम करतो. आम्ही प्रत्येक व्यवहार साठवतो: कुणी, कुणाला, किती, कितव्या मिलिसेकंदाला. ती ओळ कोटी वेळा वाचली तरी एक कणही झिजत नाही. नाण्याचं नेमकं उलटं. त्यात एकही नोंद नाही, फक्त बेरीज आहे. बेरजेवरून नोंदी परत काढता येत नाहीत. 0.45 ग्रॅम चांदी कुठं कुठं गेली, याचं उत्तर 'सगळीकडे' एवढंच आहे. आजीचा वाटा त्यात असेल, पण तो वेगळा काढून दाखवता येणार नाही. हे कळल्यावर आधी मी खट्टू झालो. नंतर वाटलं, बरंच आहे. माझ्या कवितेनं शंभर अनोळखी माणसांची झीज एकट्या आजीच्या नावावर जमा केली होती.

नाण्यावर समीक्षा करणारा एक अधिकृत वर्गही आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. अमेरिकेत विल्यम शेल्डननं 1949 साली तांब्याच्या जुन्या सेंटसाठी 1 ते 70 अशी प्रतवारी मांडली. आज जगभर तीच चालते. 70 म्हणजे टाकसाळीतून निघाल्यावर काहीच न घडलेलं नाणं. 1 म्हणजे 'पुअर', प्रकार आणि साल कसंबसं ओळखू येईल एवढंच उरलेलं. 1980 च्या दशकात तिथं कंपन्या निघाल्या, ज्या नाणं तपासतात, आकडा देतात आणि प्लास्टिकच्या बंद डबीत सील करतात. खोट्या नाण्यांपासून ग्राहकाचं रक्षण हा त्याचा खरा उपयोग आहे, तो नाकारत नाही. पण एकदा डबीत गेलं की ते नाणं पुन्हा कुणाच्या बोटाला लागत नाही.

याच देशात उलट छंदही आहे. चांदीचा मोठा मॉर्गन डॉलर, 26.73 ग्रॅमचा, वर्षानुवर्षं खिशात ठेवायचा, बोटांनी फिरवत राहायचा. त्याला 'पॉकेट पीस' म्हणतात. गंमत पुढे आहे. प्रतवारीत सगळ्यात खालचे आकडे गोळा करायची स्पर्धाही सुरू झाली, 'लोबॉल' नावाची. त्यामुळे काही जण चांगलं नाणं खिशात घालून मुद्दाम झिजवतात, पण साल दिसेनासं व्हायच्या आत थांबतात, आणि मग 1 चा शिक्का घेऊन ते डबीत बंद करतात. झीजसुद्धा मोजून, थांबवून, काचेआड ठेवता येते याचा मला विषाद वाटला. पण लगेच हेही वाटलं की मी कविता पाठवली तेव्हा दुसरं काय करत होतो?

खिशातल्या नाण्यावरची मला माहीत असलेली सगळ्यात खोल गोष्ट बोर्हेसची 'द झाहीर'. ब्युनोस आयर्समध्ये एका मयताहून परतताना निवेदकाला मोडीत वीस सेंटाव्होंचं साधं नाणं मिळतं. त्यावर चाकूनं ओरखडलेली दोन अक्षरं आणि एक आकडा. ते नाणं त्याच्या डोक्यातून जाईना होतं. दुसऱ्याच दिवशी तो ते मुद्दाम एका गुत्त्यात खर्चून टाकतो, तरी सुटका होत नाही, हळूहळू जगात तेवढं एकच उरणार असतं. शेवटी त्याला आशा वाटते ती वेगळीच: सतत विचार करून करून कदाचित आपण ते नाणंच झिजवून टाकू, आणि कदाचित त्याच्यामागे देव असेल. नीत्शे आणि बोर्हेस दोघंही नाण्याचं चित्र पुसतात. नीत्शेला मागे धातू दिसतो. बोर्हेसला वाटतं, पुसण्याशिवाय मागचं दिसणारच नाही. या दोघांत मी बोर्हेसच्या बाजूनं आहे, पण एका तक्रारीसह. त्याचा निवेदक नाणं एकट्यानं झिजवायला बघतो. खरी झीज एकट्याला जमत नाही, तिला घेणारे हात लागतात. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनला अडीच वर्षांचा असताना, 1712 साली, गंडमाळेवर उपाय म्हणून अ‍ॅन राणीच्या स्पर्शासाठी नेलं होतं. तेव्हा मिळालेला सोन्याचा तुकडा त्यानं आयुष्यभर गळ्यात बाळगला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रोग काही त्या स्पर्शानं गेला नाही. पण कुणीतरी दिलेलं होतं म्हणून ते बाळगायचं, एवढं नातं त्या तुकड्यात आहे.

आता कवितेकडे. तो मेल मिळाल्यावर वर्षभरानं ती पुन्हा वाचली. त्यात 'मायेची ऊब' होती, 'सुरकुत्यांचा नकाशा' होता, 'थरथरते हात' होते. संपादकाचा निकाल बरोबर होता. उपमा मात्र चुकली असं मला अजून वाटतं. कारण हे शब्द माझ्याकडे झिजून आलेच नव्हते. 'मायेची ऊब' आमच्या घरात कुणी कधी उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. आजीला 'सुरकुत्यांचा नकाशा' म्हटलं असतं तर तिनं चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं असतं. ते शब्द गुळगुळीत नव्हते, चकचकीत होते. दिवाळीला सराफाकडे मिळतात ना लक्ष्मीचे छापील शिक्के, पारदर्शक डबीतले, तसे. देखणे, एकसारखे, आणि त्यांनी बाजारात काही विकत घेता येत नाही.

आजीकडे खरोखर गुळगुळीत झालेले शब्द होते. 'जेवलास का?' हा एक. फोन उचलला की आधी तो. मी परीक्षेत नापास झालो त्या दिवशीही तोच, नोकरी लागली तेव्हाही तोच. त्यावरचं चित्र केव्हाच पुसलं गेलं होतं, जेवणाशी त्याचा संबंध थोडाच उरला होता. पण तो दरवेळी चालला. 'असू दे' हा दुसरा. या शब्दांना नवेपणाच्या काट्यावर टाकलं तर ते बादच ठरतील. माझ्या कवितेत त्यातला एकही नव्हता. मला ते फार साधे वाटले होते, कवितेत घालण्याच्या लायकीचे नाहीत असे.

म्हणून समीक्षा लिहिणाऱ्या मित्रांना एक विनंती. शिळ्या प्रतिमेला जरूर शिळी म्हणा, छापील म्हणा, खोटी म्हणा. गुळगुळीत म्हणण्याआधी मात्र ती कुणाच्या हातून किती वेळा गेली आहे, ते विचारा. खूपदा असं दिसेल की ती हातातून गेलेलीच नाही, नुसती शोकेसमधून शोकेसमध्ये गेली आहे.

राहता राहिला नाण्याचा प्रश्न, आणि तो अजून सुटलेला नाही. आत्याचं म्हणणं आहे की ते देवघरात ठेवावं, वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला काढावं. "आईचं एवढंच तर राहिलंय, आणि तू ते पँटच्या खिशात घालून लोकलनं फिरतोस?" तिचा मुद्दा खोडून काढणं मला जमत नाही. मी नाणं वापरतो म्हणतो खरा, पण त्यानं मी काहीच विकत घेत नाही, कुणाला देत नाही. माझ्या खिशातली झीज ही एकट्याचीच झीज आहे, बोर्हेसच्या निवेदकासारखी. सालातला तिसरा आकडा, तो 8, माझ्या हयातीत गेला तर ते नुकसान माझ्या नावावर नोंदता येईल, एवढी नोंद तरी स्पष्ट आहे.

सध्या तडजोड अशी आहे: ते किल्ल्यांच्या खिशात ठेवायचं नाही, वेगळ्या खिशात एकटं ठेवायचं, आणि दिवाळीला आत्याच्या ताम्हनात घालायचं. या दिवाळीत घातलं. बाजूला चार नवे शिक्के होते, त्यांच्यावर हळदकुंकू नीट बसलं. या रुपयावर कुंकवाला धरायला काहीच नव्हतं, ते घसरून कडेच्या अक्षरांत जाऊन थांबलं. आत्यानं आरतीनंतर ते पुसून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "घे. आणि आधी जेवून घे."